नऊ हंगाम, आठ विजेतेपदं

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत भारतातली सर्वोच्च फुटबॉल साखळी आठ वेळा गोव्याच्या संघांनी जिंकली. धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या बलाढ्य क्लबांच्या हाती त्या काळात साखळीचा चषक एकदाही लागला नाही. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती साधारण १४ लाख ५८ हजार, आणि शेजारच्या आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची जवळजवळ ४८ लाख. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी माणसं असलेल्या राज्यानं दशकभर देशाच्या फुटबॉलवर राज्य केलं.

पिरनवाडीवरून रोज पहाटे बेळगावची भाजी आणि दूध घेऊन गाड्या गोव्याकडे जातात. काही जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरतात, काही खानापूर-लोंढ्याच्या अंगानं जातात. इतकी रोजची ये-जा असूनही घाटाखाली हे नेमकं कसं घडलं, ते आपल्याकडे फारसं सांगितलं गेलेलं नाही. ‘पोर्तुगीज होते ना तिथं, मग फुटबॉल रक्तातच असणार,’ एवढ्यावर विषय संपतो. माझ्या मते हे उत्तर अपुरं आहे. पोर्तुगीज अमलात खेळ गोव्यात रुजला हे खरं, पण विजेतेपदं आली ती मुक्तीनंतर चाळीस वर्षांनी, आणि ती खाणमालक, गावची मैदानं आणि एका चिवट प्रशिक्षकाच्या मेहनतीनं आली.

मुळात खेळ आणला तोही पोर्तुगीजानं नव्हे. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारावी म्हणून बार्देशातल्या शिवोलीला येऊन राहिले. शाळेतल्या मुलांना त्यांनी फुटबॉल शिकवला. पुढे त्यांनी हडफड्यात शाळा काढली आणि खेळ तिथंही गेला. चर्चच्या पुढ्यातली मोकळी जागा आणि भातकापणीनंतर रिकामी झालेली शेतं ही त्या मुलांची मैदानं झाली. गावागावांत संघ उभे राहिले, फेस्ताच्या दिवसांत सामने ठरू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोव्यात फुटबॉलची संघटना उभी राहिली होती, वास्कोसारखे क्लब स्थापन झाले होते, आणि १९६० साली पोर्तुगालचा नामांकित बेन्फिका संघ गोव्यात येऊन खेळून गेला होता.

दुसऱ्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. त्या कारवाईची बरीच जुळवाजुळव बेळगावातूनच झाली. मेजर जनरल कँडेथ यांच्या १७व्या पायदळ डिव्हिजनचा तळ इथंच पडला होता. मुक्तीनंतर गोव्याचे खेळाडू भारतीय फुटबॉलच्या प्रवाहात आले. मुंबईतल्या गोवेकरांनी त्याआधीच नाव कमावलं होतं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकणारा नेव्हिल डिसोझा मूळचा बार्देशातल्या आसगावच्या कुटुंबातला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. तो मुंबईत टाटांकडून खेळायचा. गोव्यात राहून एवढं मोठं होण्याची सोय तेव्हा नव्हती.

ती सोय झाली खाणींमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचं लोहखनिज जपानला जाऊ लागलं आणि डिचोली, सांगे, सत्तरीच्या डोंगरांतून निघालेल्या तांबड्या मातीनं काही घराणी गब्बर झाली. साळगावकर, धेंपो, चौगुले ही त्यातली ठळक नावं. या घराण्यांनी पैसा नुसता जहाजांत आणि बार्जमध्ये घातला नाही. चौगुल्यांनी १९६२ साली ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक काढलं. धेंपोंनी ‘नवहिंद टाइम्स’ आणि मराठी ‘नवप्रभा’ चालवली, महाविद्यालयांना हातभार लावला. आणि फुटबॉलचे संघ उभे केले. साळगावकरांचा संघ १९५६चा, सेझा गोवाचा १९६५चा, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात धेंपोंचा संघ मैदानात उतरला. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक आणि खेळांचे शौकीन. त्यांच्याच काळात, १९७० साली, बांदोडकर सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली आणि देशातले नामवंत संघ गोव्यात येऊ लागले. आपली पोरं त्यांच्यापुढे कुठं उभी राहतात, हे घरच्या प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसू लागलं.

खाण कंपनीच्या संघाचा मोठा गुण असा की त्यातल्या खेळाडूचं पोट सुरक्षित असे. सकाळ-संध्याकाळ सराव आणि महिन्याच्या शेवटी पगार. आपल्याकडचं चित्र याच्या शेजारी ठेवून बघा. बेळगावच्या कॉलेजांतली मुलं आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या आणि २०१०नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धांना जात आली आहेत. कॅम्पातल्या सेंट पॉल्ससारख्या शाळांनी खेळ जिवंत ठेवला. पण पदवी हातात पडली की पुढे काय, याचं उत्तर इथं नव्हतं. विशी-बाविशीत, म्हणजे खेळाडू खरा पिकायच्या वयात, बूट कोपऱ्यात टाकावे लागत. गोव्यातल्या पोराला त्याच वयात क्लबचं दार उघडं मिळे. दोन शेजाऱ्यांत फरक पडला तो इथं, असं मला ठामपणे वाटतं.

फळ लगेच आलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धेंपोनं मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला आणि गोव्याचा क्लब बाहेरच्या मैदानावर देशातल्या थोरांना हरवू शकतो हे दाखवलं. मग राज्याच्या संघाची पाळी आली. १९८२-८३ची संतोष करंडक स्पर्धा कोलकात्यात झाली आणि गोवा व बंगाल संयुक्त विजेते ठरले. बंगालच्या घरात जाऊन निम्मा करंडक आणणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. पुढच्याच हंगामात, मद्रासला, गोव्यानं अंतिम सामन्यात पंजाबला १-० हरवून तो एकट्यानं जिंकला. संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. कर्णधार होता ताळगावचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकरांचा हा खेळाडू पुढे भारताचा कर्णधार झाला आणि १९९७ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या राज्याला मैदानी कलाकारीसाठी ओळखतात, त्याच्या या पहिल्या मोठ्या यशाचा पाया बचाव होता, हे विसरलं जातं.

१९८९ साली मडगावजवळ फातोर्ड्याचं मोठं स्टेडियम उभं राहिलं. त्याच्या आगेमागे, १९८८ आणि १९८९ असं लागोपाठ दोन वर्षं, साळगावकरनं फेडरेशन चषक जिंकला. १९८९-९०चा संतोष करंडक गोव्यानं मडगावात, आपल्याच प्रेक्षकांपुढे, केरळला हरवून घेतला. याच सुमारास, १९८८मध्ये, सासष्टीतल्या वार्क्याच्या आलेमाव घराण्यानं चर्चिल ब्रदर्स हा क्लब काढला. या संघामागे खाण नव्हती. होतं ते राजकारणात मुरलेलं एक घराणं आणि किनारपट्टीवरच्या गावांचा पाठिंबा. एकीकडे खाणमालकांचे क्लब आणि दुसरीकडे चर्चिल, अशी जी चुरस लागली ती पुढच्या सगळ्या गोष्टीचं इंजिन ठरली.

१९९६मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. याआधी चषक स्पर्धा असत. पंधरा दिवस अंगात आलं तर एखादा दुबळा संघही जिंकून जाई. साखळी तशी नसते. महिनोन् महिने, गावोगाव प्रवास करत, दुखापती सांभाळत खेळावं लागतं. इथं राखीव खेळाडू, शिस्त आणि पैसा यांची परीक्षा होते. १९९८-९९मध्ये शब्बीर अलींच्या मार्गदर्शनाखाली, ब्रुनो कुतिन्होसारखा आघाडीवीर असलेल्या साळगावकरनं ही साखळी जिंकली, गोव्याचं पहिलं साखळी विजेतेपद. चर्चिल ब्रदर्स मात्र पुन्हा पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर अडकत राहिले. विजेतेपदांची माळ कोलकात्याच्याच गळ्यात पडत होती. २००१ ते २००४ या सलग चार हंगामांत साखळी मोहन बागान किंवा ईस्ट बंगालनंच जिंकली.

धेंपोची अवस्था तर अधिक वाईट होती. खालच्या श्रेणीत घसरण्याची नामुष्की या क्लबवर आली. २००० साली आर्मांदो कुलासो प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी जे केलं ते भारतीय फुटबॉलमध्ये क्वचित घडतं : ते टिकले. बारा-तेरा वर्षं एकच माणूस एका संघाच्या बाकावर. आपल्याकडे तीन सामने हरले की प्रशिक्षकाची उचलबांगडी होते. धेंपोच्या व्यवस्थापनानं तसं केलं नाही, आणि त्या संयमाचं श्रेय श्रीनिवास धेंपो यांना द्यायला हवं. कुलासोंनी गोव्यातली तरुण मुलं उचलली. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मध्यफळीत क्लिफर्ड मिरांडा आणि क्लायमॅक्स लॉरेन्स. परदेशी खेळाडू मोजकेच, पण वर्षानुवर्षं तेच ठेवलेले : नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोल करणारा आणि ब्राझीलचा बेटो ते घडवणारा. संघ खालच्या श्रेणीतून वर आला आणि २००३-०४मध्ये थेट दुसरा राहिला.

त्यानंतरच्या हंगामाची सुरुवात शोकांतिकेनं झाली. आधीच्या हंगामात ईस्ट बंगालकडून १५ गोल करून साखळीत अव्वल ठरलेला ब्राझीलचा ख्रिस्तियानो ज्युनियर धेंपोकडे आला होता. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर मोहन बागानविरुद्ध फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. धेंपोचे दोन्ही गोल त्यानंच केले. दुसरा गोल करताना समोरून आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो खाली कोसळला तो उठलाच नाही. मैदानावर तातडीच्या उपचारांची धड व्यवस्था नव्हती. रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तो २५ वर्षांचा होता. धेंपोनं चषक २-० असा जिंकला, पण त्या रात्री जिंकल्याचा आनंद कुणाला असणार? क्लबनं त्याचा १० क्रमांकाचा शर्ट कायमचा निवृत्त केला. भारतीय मैदानांवरच्या वैद्यकीय सोयींबद्दल देशानं गांभीर्यानं बोलायला सुरुवात केली ती या मृत्यूनंतर. एवढी साधी व्यवस्था करण्यासाठी एका तरुणाचा जीव जावा लागला याची चीड आजही येते.

तो संघ मोडून पडला असता तर कुणी दोष दिला नसता. मोडला नाही. २००४-०५ची साखळी धेंपोनं जिंकली, आणि दुसरा क्रमांक अवघ्या दोन गुणांनी मागे राहिलेल्या स्पोर्टिंग क्लब दी गोवाचा. म्हणजे पहिले दोघेही गोव्याचे. कोलकात्याची सद्दी त्या वर्षी संपली.

२००५-०६चा एकच हंगाम या मालिकेतून निसटला. तो जिंकला मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं. पण त्या संघाचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा, साळगावकरकडून खेळून मोठे झालेले गोवेकर. २००६-०७मध्ये धेंपोनं विजेतेपद परत आणलं.

२००७मध्ये राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग आली. पहिल्या हंगामात दहा संघ होते, त्यातले चार गोव्याचे : धेंपो, चर्चिल, साळगावकर आणि स्पोर्टिंग. शेवटी धेंपो आणि चर्चिल यांचे गुण सारखे झाले आणि चषक धेंपोकडे गेला. त्याच वर्षी, २००८मध्ये, धेंपोनं एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. पणजी-मडगावच्या या संघाचं नाव पश्चिम आशियातल्या मैदानांवर घेतलं जाऊ लागलं. पुढच्या हंगामात, २००८-०९मध्ये, चर्चिलनं हिशेब चुकता केला. सर्बियाचे झोरान जॉर्जेविच प्रशिक्षक होते आणि आघाडीला होता नायजेरियाचा ओडाफा ओकोली, ज्याला अडवणं त्या काळी देशातल्या कुठल्याच बचावफळीला जमत नव्हतं. वर्षानुवर्षं उपविजेते राहिलेल्या क्लबचं ते पहिलं साखळी विजेतेपद. वार्का-बाणावलीत ते कसं साजरं झालं असेल याची कल्पना सासष्टी पाहिलेल्या माणसाला सहज करता येईल.

२००९-१० पुन्हा धेंपो. २०१०-११मध्ये मोरोक्कोचे करीम बेंचेरीफा यांच्या हाताखाली साळगावकर. हा संघ पहिल्या आय-लीगमधून खाली घसरला होता, तोच आता अजिंक्य ठरला. २०११-१२मध्ये धेंपोनं पाचव्यांदा बाजी मारली. रँटी मार्टिन्सनं त्या एका हंगामात ३२ गोल केले. २०१२-१३मध्ये चर्चिलनं दुसऱ्यांदा साखळी जिंकली. आय-लीगचे पहिले सहाच्या सहा हंगाम गोव्याचे झाले.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आपसातली स्पर्धा. फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान, म्हापशाचं धुळेर. एका मैदानापासून दुसरं तासाभराच्या अंतरावर. धेंपोचा खेळाडू रविवारी हरला तर सोमवारी बाजारात त्याला चर्चिलचा समर्थक भेटणार. देशातल्या पहिल्या चार-पाच संघांपैकी दोन-तीन घराशेजारीच असल्यामुळे कुणालाही ढिलं पडायची मुभा नव्हती. कोलकात्यातही मोहन बागान आणि ईस्ट बंगाल एकाच शहरात होते, पण त्यांच्या लढतीवर शतकभराच्या परंपरेचं आणि लाखभर प्रेक्षकांच्या अपेक्षेचं ओझं असे. तिथं दर वर्षी प्रशिक्षक बदलत, खेळाडूंची पळवापळवी होई. गोव्यात संघ शांतपणे शिजू दिले गेले.

आणि मग हे सगळं फार लवकर विसकटलं. कारणं एकाहून जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. १० सप्टेंबर २०१२ रोजी, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आल्यानंतर, गोवा सरकारनं खाणकाम थांबवलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. बेकायदा उत्खननानं डोंगर आणि शेतं यांची जी नासाडी झाली होती ती पाहता बंदी अटळ होती. पण ज्या पैशावर फुटबॉलचा डोलारा उभा होता तो मुळातच आटला. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९मध्येच सेझा गोवाला विकला होता आणि त्यानंतरही दोन विजेतेपदं मिळवली होती. त्यामुळे ‘खाणी बंद, म्हणून फुटबॉल बंद’ असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

दुसरं कारण दिल्लीत शिजत होतं. २०१०च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं व्यावसायिक हक्क आयएमजी-रिलायन्सला १५ वर्षांसाठी दिले. त्यातून २०१४मध्ये इंडियन सुपर लीग जन्मली. सिनेतारे, क्रिकेटपटू आणि उद्योगपतींच्या मालकीचे शहरांचे संघ, झगमगाट, दूरचित्रवाणी. गावातून आणि कंपनीतून वर आलेल्या जुन्या क्लबांना त्यात जागा नव्हती. दोन्ही साखळ्या शेजारी-शेजारी चालल्या आणि आय-लीगचं महत्त्व वर्षागणिक घसरत गेलं.

मैदानावरची मालिका त्याआधीच तुटली होती, आणि ती तोडली कर्नाटकच्या संघानं. २०१३मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरू एफसीनं पहिल्याच हंगामात, सुनील छेत्रीच्या नेतृत्वाखाली, आय-लीग जिंकली. विजेतेपद निश्चित झालं ते २१ एप्रिल २०१४ रोजी, फातोर्ड्यावर, धेंपोला ४-२ हरवून. नव्या संघाकडे आधुनिक सराव, आहारतज्ज्ञ आणि इंग्लंडहून आलेला तरुण प्रशिक्षक अ‍ॅश्ली वेस्टवूड होता. कुलासो तेव्हा धेंपो सोडून ईस्ट बंगालकडे गेले होते. २०१५मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली घसरला, वर्षभरात दुसरी श्रेणी जिंकून परत यायला पात्रही ठरला. पण तोवर नव्या रचनेत आपल्याला कायमचं खालच्या पायरीवर बसवलं जाणार हे उघड झालं होतं. २०१६मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंगनं निषेध नोंदवत आय-लीगमधून अंग काढून घेतलं, पाठोपाठ धेंपोनंही. त्यानंतर आय-लीगमध्ये गोव्याचा एकटा चर्चिल होता. मला हा निर्णय समजतो. मात्र त्याची किंमत क्लबांपेक्षा गोव्यातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूंनी मोजली. ज्या चार दारांपैकी एक तरी उघडेल असा भरवसा होता, त्यातली तीन एका वर्षात बंद झाली.

धेंपोच्या विजेत्या पिढीनं शिकलेलं मात्र वाया गेलं नाही. २०१९-२०मध्ये गोव्याच्या सुपर लीग संघानं, एफसी गोवानं, साखळी फेरी पहिल्या क्रमांकानं संपवून लीग शील्ड जिंकलं आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. हंगामाच्या अखेरीस त्या संघाची धुरा होती हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडाच्या हाती, कुलासोंच्या मध्यफळीतल्या त्याच मिरांडाच्या. पुढे त्यानं ओडिशा एफसीला २०२३चा सुपर चषक जिंकून दिला. महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेला. समीर नाईकनं आपल्या जुन्या क्लबची सूत्रं घेतली आणि २०२४मध्ये, नऊ वर्षांच्या खंडानंतर, धेंपोला आय-लीगमध्ये परत नेलं.